तीन छपरं, एक अक्रोड

बा, तुमच्या आणि आमाच्या पायांवर डोकं ठेवून धनवीर लिहितो.

काठमांडूत माझं बरं चाललंय. वेळेवर जेवतो, आमाला सांगा, आईचा जीव काळजी करतो. तिचा गुडघा कसा आहे?

आमच्या कचेरीत मारित नावाच्या परदेशी सल्लागार बाई आल्यात. कुठल्या देशाच्या मदतीतून कुठे शाळा बांधली, ते सगळं त्या एका नकाशावर मांडतायत. काल त्यांनी आपल्या जुम्ला जिल्ह्यातल्या तीन नव्या शाळांचे फोटो दाखवले. मदत तीन देशांची, शाळांची नावं तीन. एकीचं छप्पर निळं, दुसरीचं लाल, तिसरीचं हिरवं.

तिन्हींच्या मागे अक्रोड मात्र एकच. त्याची मोडकी फांदी मी ओळखतो, लहानपणी तिच्यावरूनच पडलो होतो.

बा, शाळा समितीचे अध्यक्ष तुम्ही. मी संशय घेत नाही, नुसतं विचारतो. आपल्या गावात शाळा किती आहेत?

बाई कौतुकानं म्हणाल्या, “वर्षात तीन शाळा! तुमच्याच बाजूची ना ही गावं?”

मी म्हटलं, “नाही, लांब आहेत.”

फागुनात त्या स्वतः बघायला येतायत. सोबत मी आहे.

आमाला जपा.

तुमचा,
धनवीर

ता. क. तोवर छपराला नवा रंग देऊ नका.