तीतीची पिशवी

ब्लफ,
फेब्रुवारीचा तिसरा आठवडा

प्रिय रिपेका,

तुझा निरोप पोचला. जुलैमधल्या मेजवानीसाठी तीतीच्या, म्हणजे चरबीत मुरवलेल्या समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांच्या, तीन पिशव्या हव्यात आणि त्या कशा तयार होतात हे पाहुण्यांना सांगता येईल इतकं नीट लिहून पाठव, असं तू म्हटलं आहेस. पहिल्या मागणीचं उत्तर एका वाक्यात देता येतं: कोठीत एकही पिशवी शिल्लक नाही. होत्या त्या सगळ्या ऑगस्टमध्ये तेओनेच्या, तुझ्या वडिलांच्या, अंत्यविधीला उघडल्या गेल्या, आणि यंदा नव्या भरल्या जातील की नाही हे पक्षी धरायला बेटावरच्या आपल्या घराण्याच्या पट्ट्यावर कोण जाणार यावर अवलंबून आहे. ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या मागणीचं उत्तर मात्र लांबलचक आहे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला तू ‘नीट लिहून पाठव’ म्हणालीस, त्याचे परिणाम तुलाच भोगावे लागतील.

चवीपासून सुरुवात करते, कारण तुझे पाहुणे पैसे चवीचे देतात. मेलबर्नला तुझ्या टेबलावर हिरव्या मुंग्या, पाकोळीच्या घरट्याचं सूप आणि माशांची काळी अंडी वाढली जातात हे मी वाचलं आहे. त्यांतली प्रत्येक गोष्ट जिभेवर थोडीशी आणि अदबीने येते. तीती तसा नाही. जाड चरबीचं मटण समुद्राच्या पाण्यात उकळावं आणि त्याच भांड्यात कोणीतरी मासाही सोडावा, अशी काहीशी ती चव आहे. आणि वास खोलीत पाहुण्यांच्या आधी येऊन बसतो. लहानपणी नाताळच्या सुट्टीत तू इकडे यायचीस, तेव्हा एकदा नाकाला कपड्यांचा चिमटा लावून जेवायला बसली होतीस. तेओने ते पुढे कित्येक वर्षं सांगत असे. गेल्या ऑगस्टमध्ये मात्र मराएच्या, आपल्या समाजाच्या सभाघराच्या, स्वयंपाकघरात तू उभ्यानेच एक तुकडा खाल्लास आणि डोळे मिटलेस. मग म्हणालीस, “माझ्याकडचे लोक याच्यासाठी वाट्टेल ते देतील.” तुझी कुइनीआत्या बटाटे सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, “देतील गं. पण बिळात हात घालतील का?” सगळ्या बायका हसल्या. तू हसली नाहीस, हे मी पाहिलं.

आता बिळाविषयी. तू येत असायचीस तेव्हा पक्षी अंड्यांवर बसलेले असायचे आणि बेटावर पाऊल ठेवायला बंदी असायची. हंगामाच्या वेळी तुझी शाळा सुरू. म्हणून यातलं काहीच तू पाहिलेलं नाहीस, आणि तो तुझा दोष नाही. एप्रिल लागला की आम्ही दिवसा बिळांतून पिल्लं काढतो. पोटावर सपाट पडायचं, गाल ओल्या मातीला लावायचा आणि हात खांद्यापर्यंत आत सरकवायचा. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पाहायचं ते बोटांनी. माझ्या पहिल्या हंगामात तेओनेने मला एकच नियम सांगितला होता: “मऊ लोकर लागली तर पिल्लू. गुळगुळीत पीस लागलं तर त्याचे आईबाप. त्यांची माफी माग आणि हात काढ.” मी खरोखरच मोठ्याने माफी मागितली. तो शेजारच्या बिळापाशी पडला होता. हसता हसता त्याच्या तोंडात माती गेली.

मोठ्या पक्ष्याला हात लावायचा नाही, हे कायद्यातही आहे. पण कायद्याच्या आधीपासून ते घराघरांत आहे. बीळ लांब असेल आणि हात पोचत नसेल, तर वरून लहानसं भोक पाडतात आणि काम झालं की मातीचं बूच घट्ट दाबून ते बंद करतात, म्हणजे पुढच्या वर्षी त्या जोडप्याला घर कोरडं मिळतं. आपल्या पट्ट्यावरची जमीन या बिळांमुळे जाळीसारखी झालेली आहे. चालताना पाय झाडांच्या मुळांवर टाकायचा. पाय आत गेला आणि छत मोडलं, तर हातातलं सगळं खाली ठेवून आधी ते छत काटक्या, नेचे आणि माती घालून नीट करायचं. वातेनेकाका त्या बेटाची देखरेख करतो, हे तुला ठाऊक आहे. तो माणसाच्या चालण्यावरून सांगतो, याने छत मोडून तसंच ठेवलंय.

पक्षी मारल्याबरोबर डोकं खाली धरून त्याच्या पोटातलं तेल दाबून काढतात. ते राहिलं तर मांसात उतरतं आणि मग कितीही मीठ घाला, उपयोग नाही. नंतर पिसं उपटायची, उरलेली लव काढण्यासाठी पक्षी वितळलेल्या मेणात बुडवून गार पाण्यात घालायचा आणि मेणाचा तो साचा सोलून टाकायचा. आत गुलाबी, गुबगुबीत, आईबापांहूनही जड असं बाळ निघतं. ते रात्रभर वाऱ्याला टांगून ठेवायचं. नवशिक्यांची चूक नेमकी इथे होते. दमलेले असतात, पावसाचा रंग दिसतो, आणि पक्षी आतून गार होण्याआधीच ते चिरून, साफ करून एकावर एक रचतात. अंगातली ऊब आत राहिली की पक्षी हाडाशी आंबतो. बाहेरून कळत नाही. कळतं ते जुलैमध्ये, पाहुण्यांसमोर. तुझ्या दृष्टीने या पत्रातलं हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं ठरावं.

बादलीत मीठ घालून भरलेले पक्षी दुकानात मिळतात आणि ते वाईट नसतात. तुला हवी आहे ती पिशवी, आणि पिशवी हा निराळा प्रकार आहे. त्यासाठी रिमुरापा, म्हणजे खडकांवर वाढणारं ते रुंद चामड्यासारखं समुद्री शेवाळ, पूर्ण ओहोटीला कापून आणतात. पान जाड हवं, पण म्हातारं नको. वाकवल्यावर भेग पडली तर सोडून द्यायचं. कापलेल्या टोकातून बोटं आत घालून पानाचे दोन पदर हळूहळू सुटे करायचे. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी रचना असते आणि ती एकेक कप्पा करून सुटते. घाई केली की भोक पडतं. शाळेतल्या मुलांना पेशींची रचना शिकवताना मी दरवर्षी एक पान वर्गात नेत असे. वर्गाला आठवडाभर वास यायचा. पण मुलं ती रचना विसरत नसत. मग पिशवी फुगवून, तोंड बांधून वाळत घालायची. वाळली की गुंडाळून ठेवता येते, आणि भरण्याआधी पुन्हा मऊ करता येते.

भरण्याचं काम दोघांचं आहे. पक्षी स्वतःच्याच चरबीत शिजवायचे. एकाने पिशवीचं तोंड उघडं धरायचं, दुसऱ्याने पक्षी एकावर एक दाटीने बसवत जायचं आणि वरून चरबी ओतायची. चरबी फार गरम असली तर पिशवी आक्रसते आणि कडेला फाटते. फार गार असली तर पक्ष्यांच्या मधे हवेचे कप्पे राहतात आणि तिथून बुरशी धरते. पळीतल्या चरबीच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागली की ओतायची, आणि ओतताना धरणाऱ्याने पिशवी बाहेरून सतत चोळत राहायचं. मी धरणारी होते, तेओने ओतणारा. त्याच्या शेवटच्या तीन हंगामांत त्याच्या हाताला पळी पेलेना, तेव्हा आम्ही जागा बदलल्या. शेवटी पिशवीभोवती तोतारा झाडाच्या सालीच्या पट्ट्या उभ्या लावायच्या आणि खाली अंबाडीसारख्या पातीची टोपली विणून सगळं आवळायचं. साल झाडाच्या एकाच बाजूने काढायची, पूर्ण वेढा कधीही नाही, म्हणजे झाड जगतं. अशी बांधलेली पिशवी वर्षभर, कधी त्याहूनही जास्त टिकते.

रांधायची कृती तुला माझ्यापेक्षा बरी जमेल, पण एवढं लक्षात ठेव: पिशवीतला पक्षी नुसता परतायचा, कातडी कुरकुरीत होईपर्यंत. सोबत उकडलेला बटाटा आणि काहीतरी हिरवं, कडू. त्यावर कसलंही सॉस घालू नकोस. कुइनीआत्याला कळलं तर ती विमानाने येईल.

तिच्यावरून आठवलं. आपल्या घरात पिशवी विकत नाहीत, बादल्या विकतात. पिशवी देतात, आणि हंगामातली पहिली पिशवी अशा घरी जाते ज्यांचा बेटावर हक्क नाही. तुझ्या मेजवानीचं मी आत्याला सांगितलं, तेव्हा वाटलं ती उखडेल. ती चहा ढवळत राहिली आणि म्हणाली, “आपल्या रक्ताच्या पोरीने स्वतः भरलेली असेल, तर ती कोणाला वाढते हे विचारणारी मी कोण? पण तू भरून द्यायचीस आणि तिने मिरवायचं, हे मला नाही चालणार.” मग नेहमीची खोडी काढलीच: “तशी तू हुशारच. तुम्हा उत्तरेकडून आलेल्यांना तीती म्हटलं की भान राहत नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, हिला नवरा नको होता, बेट हवं होतं.” लग्नापासून ती हे म्हणत आली आहे. मी दरवेळी सांगते की नवरा बेटासकट मिळाला, सुटा मिळत नव्हता. आम्ही दोघी अजूनही त्यावर हसतो.

या महिन्याच्या सुरुवातीला हंगामाआधीची सभा झाली. मी सवयीने गेले, सवयीने मागच्या बाकावर बसले. बोटीच्या फेऱ्या, पाण्याच्या टाक्या, उंदीर बेटावर जाऊ नयेत म्हणून सामान तपासण्याचे नियम, सगळं ठरलं. चहाच्या वेळी वातेने माझ्याजवळ आला. त्याच्या हातात बिस्किटाची बशी होती आणि ती त्याने बराच वेळ माझ्यापुढे केलीच नाही. म्हणाला, “वहिनी, एवढे हंगाम तुझ्यासारखं काम कोणी केलं नाही. पण तू जायची ती तेओनेबरोबर. आता तुमच्या पट्ट्यावर हक्क असलेलं आमच्या रक्ताचं कोणी बरोबर असल्याशिवाय मला तुला बोटीत घेता येणार नाही.” मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तो म्हणाला, “कुइनी गेली असती तर तिच्याबरोबर नेलं असतं, पण तिचे गुडघे पाहतेस ना. आणि घर यंदा बंद राहिलं तर पट्टा घराण्याच्या धाकट्या शाखेतल्या भावंडांना कामाला द्यावा लागेल. त्यांची पोरं मोठी झालीत, जागा कमी पडते. त्यांचंही चूक नाही.” खरोखरच नाही. हा नियम नसता तर त्या बेटांवर आज हॉटेलं असती आणि पक्षी नसते. मी शाळेत हे शिकवलं आहे आणि माझं मत बदललेलं नाही. मी त्याच्या हातातल्या बशीतलं एक बिस्किट उचललं, तेव्हा कुठे तो बसला.

तर परिस्थिती अशी आहे. पट्ट्यावर जाण्याचा हक्क तेओनेकडून तुझ्याकडे आला आहे. त्यासाठी तुला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, वातेनेला नुसतं कळवायचं असतं. मार्चच्या मध्यावर पहिली बोट सुटते, तेव्हा घर उघडून छप्पर आणि धुराडं दुरुस्त करतात, काम एप्रिलपासून. तुझ्या हॉटेलातून इतकी रजा मिळणं सोपं नाही, हे मला समजतं. पण जुलैच्या मेजवानीवर तुझी पुढची जागा ठरणार आहे असं तू लिहिलं आहेस, आणि ती मेजवानी या पिशव्यांवाचून इतर मेजवान्यांसारखीच होईल, हेही तूच लिहिलं आहेस. वातेने तुला शेजारच्या पट्ट्यावरून मदत करील. पिशवी धरायला त्याची बायको येईल. तिचा हात चांगला आहे. वाळवलेल्या रिमुराप्याच्या गुंडाळ्या कोठीत डावीकडच्या फळीवर आहेत, मी त्या गेल्या वर्षीच करून ठेवल्या होत्या. सालीच्या पट्ट्याही पुरेशा आहेत.

तुझा निरोप आला त्या दिवशी मला एक सोपा मार्ग सुचला होता. अर्धं लिहायचं, चरबीची ती पांढरी रेघ आणि हाडाशी राहणारी ऊब वगळायची. म्हणजे तुला माझ्यावाचून जमलं नसतं आणि तू मला बरोबर घेतलं असतंस. तसं मला जायचं नाही. तू सात वर्षांची असताना तुझ्या आईबरोबर गेलीस आणि नंतर मी त्या घरात आले. तू मला नेहमी नावाने हाक मारलीस, आणि ते योग्यच होतं. तुझ्यावर माझा कसला हक्क नाही, बेटावर तर नाहीच. म्हणून मला येतं ते सगळं वर लिहिलं आहे, काही राखून ठेवलेलं नाही. आता पिशवी भरायला तुला माझी गरज नाही. हे नीट समजून घे, आणि मग सांग: मला तुझ्याबरोबर बेटावर नेशील का?

तुझीच,
हुहाना