धाड फक्त धाकट्याकडे

३ मार्च, मंगळवार

हिचा गुडघा — आज जिना दोनदा चढली, म्हणजे बरा. सुनेचा खोकला — उतरतोय. नातीचा ताप गेला, हट्ट परत आला. बॉयलर — अजून दमेकऱ्यासारखा धापा टाकतोय. मी — ठीक. धाकट्याचं ब्लडप्रेशर — विचारलं नाही. माझ्या भावाची विचारपूस करायला माणसं कमी नाहीत.

आज तर आठ आली होती! सकाळी साडेसातला दोन गाड्या त्याच्या लॉन्ड्रीसमोर थांबल्या. स्पर्धा कार्यालयाची धाड — धंदेवाल्यांची आपसातली मिलीभगत पकडणारं सरकारी खातं. म्हणे शहरातल्या तिघा मोठ्या लॉन्ड्रीवाल्यांनी कुठल्या इस्पितळाच्या चादरी कोणी धुवायच्या हे आपसात आधीच ठरवलं, आणि टेंडरं नुसती दाखवायला भरली. तिघांकडे एकाच वेळी गेले — एकाने दुसऱ्याला फोन करायला नको.

माझं दुकान तिथून चाळीस पावलांवर. मी शटर उघडून दारात उभा. आठांतल्या एकानेही मान वळवली नाही.

४ मार्च, बुधवार

धाकट्याचा इस्त्रीवाला जेवणाच्या सुट्टीत येऊन सगळं सांगून गेला. पूर्वी माझ्याकडे होता. तोही तिकडेच गेला.

आधी न्यायाधीशाच्या सहीचा कागद दाखवला. वकील येईपर्यंत थोडं थांबले, पण सगळ्यांचे फोन टेबलावर, आणि कोणी काही फाडायचं नाही, पुसायचं नाही. मग कपाटं, खण, कॉम्प्युटर. एका कपाटाची किल्ली सापडेना, तर त्याला सील लावलं. मळक्या चादरींच्या पिशव्यासुद्धा उपसल्या. "तिथे मात्र साहेबांनी हातमोजे घातले," म्हणाला. काही लिहिलेलं सापडलं की जागच्या जागी विचारायचे — याचा अर्थ सांगा. धाकट्याच्या खिशातली छोटी वही नेली. एकूण नऊ तास.

सगळी गल्ली त्याच्या दारात. शिंपी मला म्हणाला, "मोठ्या माणसाच्या मागे लागणारच. तुमचं बरं आहे काका, तुम्हाला कोण विचारतंय?" चांगल्या मनाने म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं.

हिला सांगितलं. म्हणाली, "धाड पडली नाही म्हणून तोंड पाडून बसलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय मी."

६ मार्च, शुक्रवार

अर्धा तास लवकर उघडलं. पांढरा शर्ट घातला. खण नीट लावले, फायली वर्षाप्रमाणे रचल्या. कोणी आलं नाही.

इस्त्री कशी धरायची ते धाकट्याला मी शिकवलं. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. अकरा वर्षांपूर्वी वेगळा झाला, यंत्रं आणली, मोठं इस्पितळ मिळवलं. माझ्याकडे एकच गिऱ्हाईक धरण्यासारखं — प्रसूतिगृह. पण ते माझ्या हिमतीवर. दरवर्षी ते टेंडर काढतात, दरवर्षी माझं एकट्याचंच जातं. इवल्याइवल्या अंगाला लागणारं कापड. त्यात माझ्या हाताची बरोबरी करायची कोणाची छाती नाही. यंत्रं असोत नाहीतर काही असोत. हे एक आहे म्हणून या गल्लीत मान वर करून चालतो.

८ मार्च, रविवार

पत्र लिहिलं. हिला सांगितलेलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, इस्त्रीचे कपडे गुंडाळायच्या रद्दीवर वाचायला शिकलो — तरी पत्र झकास जमलं. स्पर्धा कार्यालयाला. दोन पानं.

"आपण शहरातील प्रमुख लॉन्ड्र्यांची झडती घेतली, त्यात माझे दुकान राहून गेले. अकरा वर्षे प्रसूतिगृहाचे काम माझ्याकडे आहे. या कामात मला प्रतिस्पर्धी नाही, आजवर कोणी टेंडरसुद्धा भरलेले नाही. माझे कागद चोख आहेत, केव्हाही यावे. उत्तर लवकर पाठवावे, वाट पाहतो."

टपालात टाकलं आणि हलकं वाटलं.

१५ मार्च, रविवार

उत्तर नाही.

धाकटा भेटला. गालफडं बसलीत. लोक वाट सोडून त्याला जागा देतात, अजून. माझा दंड धरून बाजूला नेलं. "दादा, कोणी काही विचारलं तर तुला काही माहीत नाही. तू यात पडू नकोस."

"मला कोण विचारतंय," मी म्हणालो.

"तेच बरंय," म्हणाला.

तेच बरंय! म्हणजे धाडीतसुद्धा मी लहानच. दिवसभर कॉलरी करपवल्या.

१९ मार्च, गुरुवार

आले. माझ्याकडे! चौघं, पुढे एक अधिकारी बाई. कागदावर माझं नाव, दुकानाचा नंबर, सगळं बरोबर. मी अक्षर न् अक्षर वाचून काढलं, तोवर त्या उभ्या राहिल्या. शिंपी दारात. पेपरवालाही.

"वर घर आहे, तेही बघा," मी म्हणालो.

"कागदात फक्त दुकान आहे, काका. घराला वेगळा कागद लागतो."

ही जिन्यावरून म्हणाली, "वर पसारा आहे, नाहीच आलात ते बरं."

बाईंनी बाकी कशाला हात लावला नाही. सरळ प्रसूतिगृहाच्या फायली. अकराच्या अकरा. मग एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. सही केली.

दीड तासात गेले. आज पुढे लिहवत नाही.

२० मार्च, शुक्रवार

बाईंनी धाकट्याच्या वहीतल्या पानाची प्रत समोर ठेवली होती. तिरपं अक्षर, मीच गिरवून घेतलेलं. "याही वर्षी प्रसूतिगृह दादाकडे. तिथे कोणी टेंडर भरायचं नाही." त्याला माझं पत्र टाचलेलं. 'प्रतिस्पर्धी नाही' खाली लाल रेघ.

"यातला दादा कोण?"

"मी," म्हणालो.

मी गाठलेला वकील म्हणतो, चौकशी संपेपर्यंत या विषयावर भावाशी एक शब्द नाही. तब्येत विचारायला हरकत नाही. इस्त्रीवाल्याच्या हाती चिठ्ठी दिली —

ब्लडप्रेशर किती आहे? गोळी चुकवू नकोस. दोन ओळी तरी लगेच लिहून पाठव. — दादा