आईच्या चुलीभोवतीची फक्की

आबा, तुमचा ओटा मी पाडला. चौक गावातून दोन गडी आणले, तुमचीच पहार त्यांच्या हातात दिली आणि मी समोर खाट टाकून बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिला दगड निखळला तेव्हा वाटलं, आता तुम्हाला नक्की लागलं असेल. बरं वाटलं मला. हे आधीच सांगून टाकते.

चौकपासून खोपोलीपर्यंत कुणाच्या घराचं काम निघालं की गवंडीकामाला तुम्हालाच बोलावणं यायचं. शाळेला सुट्टी असली की मी तुमचा डबा घेऊन यायचे, त्यामुळे तुमची पद्धत मला पाठ आहे. मालक कुदळ मारायला उतावीळ झालेला असायचा आणि तुम्ही हाताची घडी घालून उभे. "आदी सांगा, काय बांदायचं हाय आन् कुटवर. मंग कुदळ." मग जमिनीवर फक्की ओढायची, पांढऱ्या चुन्याची रेघ. स्वयंपाकघराच्या चौकोनात घरच्या बाईला बसवायचं. "चुलीम्होरं बसल्यावानी बसा, बाई. हात फिरवा. पानी कुटं पायजे? धूर कुटून जाऊ द्यायचा?" बाया लाजायच्या, पदर तोंडाला लावायच्या, पण बसायच्या. त्यांचा हात जिथे पोचेल तिथवर तुम्ही रेघ सरकवायचात. मी डब्यापाशी बसून बघायचे आणि तुमची लेक म्हणून मला फार अभिमान वाटायचा. तो अभिमान आता आठवला तरी अंगाचा तिळपापड होतो.

कारण आपलं घर तुम्ही ओट्यापासून सुरू केलंत. फक्की नाही, सूत नाही. "आपलंच घर हाय, त्यात आखायचं काय?" आधी चार माणसं टेकतील एवढाच ओटा होता. मग माथेरानला एका हॉटेलच्या कामावर गेलात, तिथल्या पायऱ्या डोळ्यांत भरल्या, तशा पायऱ्या आल्या. मग खांब आले. मग तुमच्या बसण्यासाठी तो काळा घडीव दगड आला, ज्यावर दुसरं कुणी टेकलेलं तुम्हाला खपायचं नाही. पुण्याच्या रस्त्यावरून जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून ओरडायचे, "मिस्त्री, ओटा लई झ्याक!" तुम्ही हात वर करायचात. "थांबा, आजून घर व्हायचंय!" ते काही झालं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या ओट्याच्या मागे आपण राहत होतो ती जुनी कारवीच्या कुडाची खोपीच, आणि तिच्या मागच्या आडोशाला आईची चूल. पावसाळ्यात चुलीत खालून पाणी झिरपायचं. ओली लाकडं फुंकून फुंकून आईचे डोळे लाल झाले ते कायमचेच.

एकदा मी चुलीतली राख घेतली, परसात चौकोन काढला आणि ओट्यावरून तुम्हाला हाताला धरून आणलं. "आबा, आयला हितं बसवा ना. इचारा तिला, पानी कुटं पायजे." आई पिठाच्या हातांनी दारात उभी होती. तुमच्यामागोमाग ओट्यावरची माणसंही आली होती. तुम्ही पायाने राख विस्कटलीत. "पोर घर आखाया लागली. आता गवंड्यानं भाकऱ्या थापाव्या." सगळी हसली. मग आईसुद्धा हसली. राख विस्कटलीत ते एक वेळ सोडून देईन. तिला हसावं लागलं, ते मी सोडणार नाही.

माझ्या पगारातून मी ओट्याच्या जागी आता स्वयंपाकाची खोली बांधली. ओटा काढून जमीन सपाट केली आणि फक्की मी स्वतः ओढली. आईला म्हटलं, बस. ती हळूच टेकली. "पानी कुटं पायजे गं?" मी तुमच्याच आवाजात विचारलं. तिला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग तिने हात थोडासा लांब केला, घाबरत घाबरत, आणि म्हणाली, "हितं. आन् तुज्या बापाला जेवाया बसाया जागा धर गं." मी म्हटलं, "नाय." तिचा हात पोचला तिथेच रेघ थांबवली, तुमच्यासाठी वीतभरसुद्धा जागा सोडली नाही. आणि तुमचा तो काळा दगड मोरीत बसवला. रोज खरकटी भांडी आम्ही त्याच्यावरच घासतो.

हे तुम्हाला पोचायचं नाही, हे मला कळतं. पोचलं असतं तर एवढं मोकळेपणी लिहिलंही नसतं. खोली कोरडी आहे, धूर बाहेर जातो, आईचे डोळेही जरा निवळलेत. सूड पुरा झाला म्हणायला हरकत नव्हती. पण आई जेवायला बसते ती भिंतीला चिकटून, अंग चोरून, आणि तिच्या शेजारी एका पाटाची जागा मोकळी राहते. मधे सरक, हे रोज माझ्या तोंडावर येतं. अजून एकदाही म्हटलेलं नाही.