डबीतली निळी फुलं

रोवेना बाळा,

घड्याळं दुरुस्त करायला वाढदिवसाला दिलेला दिवा झकास आहे. त्यासाठी माझ्या खिशातल्या घड्याळाची सोन्याची डबी मोडीत घातलीस, म्हणून रागावलो नाही. "डबीला काय चाटायचंय, खरं घड्याळ म्हणजे आतलं यंत्र," असं जन्मभर मीच बडबडत आलो. यंत्र तू जपून ठेवलंस.

डबीच्या तळाशी तुझ्या आईनं लग्नाआधी भरतकाम केलेलं गोल कापड होतं, निळ्या फुलांचं. ते तुला कधी सांगितलंच नाही.

सकाळी वॉरिंग्टनला, तू डबी विकलीस त्या सोनाराकडे जाऊन आलो. डबी अजून आहे. कापड केरात गेलं. डबी तिथेच ठेवून आलो.

आता आईच्या थडग्यापाशी बसतो जरा. चहाला थांबू नकोस.

तुझ्या दिव्याखाली पाहिलं, तिच्या कापडाचा एक निळा धागा यंत्रात, लिव्हरच्या दांडीपाशी अडकलाय. त्यानंच घड्याळ बंद पडलंय. काढू नकोस.

बाबा