गोदामाच्या दारातले बूट

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार

पुन्हा तेच! गोदामाच्या दारात सेफ्टी बूट ओळीनं काढून ठेवलेले, देवळाबाहेर असतात तसे. आणि माणसं आत अनवाणी. डोक्यावर मक्याचं पोतं, शेजारून लोखंडी हातगाडी, आणि पायात काही नाही.

दिवाळीपासून मी या पशुखाद्याच्या कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर. म्हणजे हजेरी, रजा, कायदा आणि दोन्हीकडच्या शिव्या. गेल्या महिन्यात गोदामातल्या साखरबाईंच्या पायावरून हातगाडी गेली, अंगठ्याचं नख गेलं. फॅक्टरी इन्स्पेक्टर शेरा मारून गेले — पुढच्या खेपेला बूट दिसले नाहीत तर मालकावर केस. मालक दिग्विजयसाहेब मला म्हणाले, "मॅडम, हे तुमचं खातं."

खातं माझं, पण ऐकतात सगळे तात्याबांचं. काटेवाडीचे, साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी घातले की सगळे घालतील. त्यांचे बूट अजून खोक्यातच आहेत.

"म्याडम, ह्यो मका हाय. खळ्यावर कुणी पायताण घालून जातं व्हय?"

म्हटलं, तात्या, हे खळं नाही, कारखाना आहे. आणि हे जनावरांचं खाणं.

"जनावराचं झालं म्हणून काय, अन्नच हाय की."



७ फेब्रुवारी

तात्याबांना पहिला मेमो दिला. "वाचून दावा," म्हणाले. वाचून दाखवला. "बरं." घडी घालून टोपीत ठेवला आणि अनवाणीच पोती उचलायला गेले.

संताप, संताप!

८ फेब्रुवारी

गुरुवारची सुट्टी. अंथरुणात पडून विचार केला, मला एवढा राग का येतो? कायद्यासाठी? नाही. मला कामावरच्या माणसाचे अनवाणी पाय बघवत नाहीत. माझे आजोबा गावातल्या मोठ्यांच्या दारावरून जाताना चप्पल काढून काखेत धरायचे. पायात दिसली तर मार. आईनं लहानपणी पाहिलंय ते. आणि इथं फुकट बूट मिळतात, कुणी अडवत नाही, तर हे लोक हौसेनं काढून ठेवतात! मला चीड येते, झालं.

१२ फेब्रुवारी

आज नवीनच तमाशा. साहेबांनी तात्याबांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांच्या केबिनमध्ये लाल गालिचा आहे. आम्ही सगळे दाराबाहेर चपला काढून आत जातो. तात्याबा शेणामातीच्या वहाणांसकट सरळ गालिच्यावर! साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बाहेर आल्यावर मी झापलं. काढायच्या जागी काढत नाही, घालायच्या जागी घालत नाही, उलटीच तऱ्हा तुमची!

"का? तितं काय धान्य हाय व्हय?"



१३ फेब्रुवारी

साहेबांनी दुसरा मेमो काढायला लावला. काढला. अंगठा उठवून तात्याबा कामावर गेले. मग साहेब सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "तिसरा झाला की चौकशी लावू आणि घरी बसवू. त्याच्या पगारात ठेकेदाराची दोन माणसं येतात. अन् माज तरी उतरेल."

म्हणजे माझ्या मेमोंचा हा उपयोग! मी अंगठे वाचवायला निघाले होते, आणि माझ्याच हातानं म्हाताऱ्याची भाकरी काढून घेतेय. डिप्लोमाला हे कुणी शिकवलं नव्हतं. आता तात्याबांनी बूट घातले तरच ते वाचतात. आणि ते घालणार नाहीत.



१५ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टीला डाळजला घरी आले. ज्वारीची मळणी चाललीय. आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. बघते तर तीच खळ्याच्या कडेला चप्पल काढून आत गेली!

म्हटलं, आई, तूसुद्धा? आजोबांचं विसरलीस?

"इसरीन कशी? त्यांना दुसऱ्यानं काढाय लावली व्हती. ही मी माझ्या मनानं काढती. फरक हाय का न्हाय?"

आहे. मला आजवर दिसला नव्हता. वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. उगाच कोपऱ्यातला झाडू घेऊन अंगण झाडायला लागले, तर आई ओरडली, "त्यो नगं, त्यो खळ्याचा हाय! खळ्याभाईर काढायचा न्हाय त्यो."

झाडू परत खळ्यात ठेवायला गेले. खळ्याचा झाडू वेगळा. मग खळ्याचे बूट वेगळे का नसावेत?

१७ फेब्रुवारी

तात्याबांना खोकं उघडून दाखवलं. म्हटलं, तात्या, या तळव्यांना अजून माती लागलेली नाही. बूट ठेवायला फळी दाराच्या आत ठोकून देते. बाहेरची वहाण बाहेर, हे बूट आत. हे खळ्याचे बूट.

"ह्या दाराभाईर जाणार न्हायती?"

"नाही."

"संडासाला?"

"तुमच्या वहाणा घालायच्या."

तात्याबांनी बूट उलटेसुलटे करून बघितले. मग मक्याच्या थप्पीला हात लावून कपाळाला लावला आणि घातले. दोनदा पाय आपटून बघितले. बाकीच्यांचे बूट लग्नाच्या वरातीत नाचून आलेले, त्यांना तात्याबांनी ब्रशनं तळवे घासायला बसवलं. साखरबाई घासता घासता मलाच शिव्या देत होत्या.

कामावरून परतताना एसटीत उभी होते, पण पाय दुखले नाहीत.

१९ फेब्रुवारी

इन्स्पेक्टर अचानक आले. सगळ्यांच्या पायात बूट. शेरा मिटला. मी पेढे आणायच्या बेतात होते.

साहेबांनी बोलावलं. "छान. आता तात्याबाचा तिसरा मेमो टाईप करा. तारीख मागची टाका, बूट घालायच्या आधीची. उद्या सकाळी टेबलावर पाहिजे."

मान खाली घालून बाहेर आले, सँडल घातल्या. पट्टा लावायला वाकले तेव्हा हात थांबला. दिवाळीपासून मी इथं रोज वाकतेय. तितं काय धान्य हाय व्हय?

२० फेब्रुवारी

मेमो टाईप केला नाही. रिकाम्या हातानं साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सँडल घालून, गालिच्यावरून, थेट टेबलापर्यंत.

उद्या मेमो मला येईल. मजकूर पाठ आहे.