कानाला हात

मंगळवार, १७ ऑक्टोबर २०१७, सस्काटून, कॅनडा

लेकाची, निनादची मॅच बघून आलो तेव्हापासून कोचची ती कानाला हात लावायची खूण डोक्यातून जात नाहीये.

ज्युनियर हायच्या पोरांना मी फुटबॉल शिकवतो. इथला फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. सातवीपासून थेट बारावीपर्यंतच्या व्हार्सिटीपर्यंत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमपर्यंत, कोचने बाहेरून करायच्या खुणा एकच असाव्यात, हा हट्ट माझाच. वर गेलेल्या पोराला नव्याने शिकायला नको. मीटिंगमध्ये व्हार्सिटीचे कोच म्हणाले, "ग्रेट आयडिया." मी तो होकार धरला. इथे तो गोड शब्दांतला नकारही असतो, इतकी वर्षं राहून मला एवढंही कळू नये?

आज त्यांनी कानाला हात लावला. माझ्याकडे त्याचा अर्थ डावीकडे पळ, त्यांच्याकडे जागेवर थांब. निनाद तीन वर्षं माझ्या हाताखाली होता, यंदाच वर गेलाय. नवी खूण त्याला पाठ आहे, पण पायांनी जुनंच ऐकलं. तो पळाला, चेंडू त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेत पडला. उरलेली मॅच पोरगा बाकावर.

गाडीत विचारलं, "मी बोलू का त्यांच्याशी?"

"प्लीज डोन्ट, बाबा."

बोलून तरी काय. गेल्या वर्षीही बोललो होतो, तेव्हाही ते छान हसले होते. उद्या सातवीच्या पोरांची प्रॅक्टिस आहे. त्यांना कुठली खूण शिकवू?

जेवताना कानाशी खाजलं म्हणून सहज हात वर नेला. समोर निनादचा घास हातातच थांबला. मी हात खाली घेईपर्यंत.