अर्ध्या घराची साक्ष

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, व्यवसाय लिफ्टची सुरक्षा तपासणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. इथे ‘कोणत्याही औषधाच्या अमलाखाली नाही’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. ते मला लिहिता येत नाही. मी गेली पाच वर्षे अखंड लिथियमच्या गोळ्यांवर आहे, आणि हा कागद अक्कलहुशारीने लिहिला जात आहे तो त्यामुळेच.

मला बायपोलर आजार आहे. उपचार नसले की मन काही आठवडे फार वर असते, काही आठवडे फार खाली. उपचार असले की बहुतेक काळ असावे तिथे असते. माझ्या कामामुळे यावरून लिफ्टचा विनोद सर्वांनाच सुचतो. ऐकून झाला आहे.

मला मरणाची घाई नाही. एके काळी होती. तेव्हा आई माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून तीन आठवडे मटार सोलत बसली. आमच्या घरात मटार कोणी खात नाही. आज लिहिण्याचे कारण एवढेच, की आधीचे एक मृत्युपत्र अस्तित्वात आहे.

१. ते मृत्युपत्र रद्द. या पाच वर्षांच्या आधी, अकरा महिने गोळ्या घेऊन मला इतके बरे वाटले, की मी त्या स्वतःच बंद केल्या. लिफ्ट पडली नाही म्हणून कोणी दोर काढून ठेवत नाही, हे मी लोकांना पगार घेऊन सांगते. आठव्या आठवड्यात मी दोन तास झोपून ताजीतवानी उठत होते. त्याच आठवड्यात मी सव्वीस पानांचे मृत्युपत्र लिहून राहते घर चौकातल्या लॉन्ड्रीवाल्याला दिले आणि त्याच्याच दोन गिऱ्हाइकांच्या सह्या साक्षीदार म्हणून घेतल्या. दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. “ताई, तुमचे कागद राहिले आमच्याकडे. चुरगळले होते, इस्त्री मारलीय.” सव्वीसही पानांना मारली होती. त्याला माझी घडीची शिडी द्यावी. वरच्या फळीपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

त्याच दिवसांत थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, माझे चेकबुक काढून घेतले आणि बँकेच्या काउंटरवर, मी शेजारी उभी असताना, सांगितले, “हिच्या सहीवर जाऊ नका.” माझ्या सहीवर लोक पोरंबाळं घेऊन लिफ्टमध्ये शिरतात. ते वाक्य मी विसरलेले नाही. म्हणून या कागदात घर कोणाला जाते हा प्रश्न दुय्यम आहे. माझी सही मानली जाईल का, हा खरा प्रश्न आहे.

वकीलबाईंनी सांगितले, “आजार आहे म्हणून मृत्युपत्र खोटं ठरत नाही. आपण काय करतोय ते सही करताना कळत होतं, एवढं पुरतं. पण उद्या कोणी शंका काढली तर ते सांगणारी माणसं खमकी हवीत.”

२. घर हयातभर आईचे. बचतही तिची. आईने नातेवाइकांत माझा आजार थायरॉइड म्हणून सांगितला. तीन वर्षांनी लिथियममुळे माझी थायरॉइड ग्रंथी खरोखरच मंदावली आणि एक गोळी वाढली. आईला इतके हायसे वाटलेले मी क्वचित पाहिले. “बघ, मी कुठे खोटं बोलत होते!”

३. आईच्या पश्चात घर दादाच्या मुलीचे. मूळ मसुद्यात तिला अर्धे होते. बदलाचे कारण शेवटी दिले आहे. माझ्या झोपेच्या तासांच्या, गोळ्यांच्या आणि रक्ततपासण्यांच्या पाच वह्याही तिला द्याव्यात. आमचे आजोबा ‘लहरी’ होते असे घरात म्हणतात. त्यांच्या लहरींबद्दल मला आता वेगळा संशय आहे. हा आजार घराण्यात उतरू शकतो, उतरतोच असे नाही. तिला कधी गरज पडलीच, तर माझी पहिली चूक तिने टाळावी. मी डॉक्टरांना फक्त वाईट दिवस सांगितले, कारण चांगल्या दिवसांची तक्रार कोण करतो? त्यांनी फक्त नैराश्याच्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात माझी झोप उडाली. दोन्ही टोके सांगितल्यावर निदान बदलले. बाकी नियम वहीच्या पुठ्ठ्यावर आहेत: रक्त वेळेवर तपासणे, पाणी कमी पडू न देणे, दुखण्यावरची साधी गोळीसुद्धा विचारून घेणे. समुपदेशक बाईंकडे जाणे बंद करू नये. मी वाक्ये अर्धी सोडून पुढे बोलू लागते ही माझी धोक्याची खूण त्यांनी शोधली, मी नाही.

४. दोराची जाडी मोजायचे माझे कॅलिपर आणि लिफ्टचा वेग मोजायचे टॅकोमीटर ऑफिसच्या साहेबांना. आजार कळल्यावर त्यांनी मला आठ महिने फायलींवर बसवले. नंतर स्वतः शाफ्टमध्ये उतरून माझे प्रत्येक माप पुन्हा घेतले आणि एकही चुकले नसल्याचे लेखी दिले. त्या कागदाबद्दल आभार. आठ महिन्यांबद्दल नाहीत.

५. मामीला काहीही नाही. विसरून नव्हे. “लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल” हा उपचार त्यांनी सुचवला होता. त्याला पुरावा आढळला नाही.

६. दादा. मसुद्यात अर्धे घर त्याच्या नावे होते. काल त्याने स्वयंपाकघरात बसून, ओळीखाली बोट धरून, सगळे वाचले.

“साक्षीदार कोण?”

“एक डॉक्टर. दुसरं ऑफिसातलं कोणीतरी बघते.”

“का? मी मेलोय?”

“तुला घर मिळतंय. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. दिलीस तर तुझा वाटा जातो.”

त्याने बोट पुन्हा स्वतःच्या नावाच्या ओळीवर नेले. “मग काढ की माझं नाव.”

“अर्धं घर आहे, दादा.”

“वाचता येतं मला. उद्या मामीने म्हटलं, वेडाच्या भरात लिहिलं, तर तुझ्या ऑफिसातला माणूस काय सांगणार? बँकेत तुझ्या सहीविरुद्ध तोंड कोणी उघडलं होतं?”

“तेव्हा तू बरोबर होतास.”

“होतोच. आजही आहे. पेन दे.”

आई म्हणाली, “आधी चहा घ्या दोघं.” पेन मी दिले नाही. मसुदा पुन्हा टाइप करून आज आणला. वरचा बदल त्याच्या सांगण्यावरून, माझ्या मर्जीने केला आहे.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: मनोविकारतज्ज्ञ. आज तपासले. समज, स्मरण व निर्णयशक्ती उत्तम.

साक्षीदार २: थोरला भाऊ, बसचालक. बहिणीने माझ्यासमोर सही केली. पूर्ण भानावर आहे. मी डॉक्टरांच्या जागी सही करत होतो, तिनेच हात धरून खाली आणला.